पिलाताच्या निकालावरचे अपील

१८२० साली पृथ्वीच्या दोन टोकांना दोन माणसांनी, एकमेकांच्या नकळत, जवळजवळ एकच काम केले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष टॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियातल्या मॉन्टिचेलो या आपल्या घरी बायबलच्या छापील प्रती समोर घेतल्या, शुभवर्तमानांतली पटतील तेवढी वचने पात्याने कापून काढली आणि ग्रीक, लॅटिन, फ्रेंच व इंग्रजी अशा चार भाषांत शेजारी शेजारी चिकटवून एक वही सिद्ध केली. चमत्कार गळाले, देवदूत गळाले. येशूला कबरीत ठेवून, दाराशी धोंड लोटून लोक निघून जातात, तिथे ती वही संपते. त्याच वर्षी कलकत्त्यात राजा राममोहन रॉय यांनी ‘द प्रीसेप्ट्स ऑफ जीझस’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात डोंगरावरचे प्रवचन होते, दृष्टान्त होते, नीतिवचने होती. चमत्कार आणि वादाला निमित्त देणारा कथाभाग वगळला होता. राममोहनांनी दिलेले कारण मोठे मार्मिक आहे: आमच्या लोकांच्या पुराणांत याहून अद्भुत गोष्टी भरलेल्या आहेत, तेव्हा या चमत्कारांनी इथे कोण भारावणार?

जेफरसनची वही खासगीच राहिली. तिच्या प्रती अमेरिकन काँग्रेसने छापल्या त्या १९०४ मध्ये. राममोहनांच्या पुस्तकाने मात्र लगेच वादळ उठले. श्रीरामपूरचे बॅप्टिस्ट मिशनरी जोशुआ मार्शमन त्यांच्यावर तुटून पडले. राममोहनांनी ख्रिस्ती जनतेला उद्देशून एकामागून एक तीन ‘अपिले’ लिहिली, आणि तिसरे छापायला बॅप्टिस्ट छापखान्याने नकार दिल्यावर स्वतःच्या छापखान्यात छापले. या वादाच्या धामधुमीत विल्यम अॅडम हा मिशनरीच राममोहनांच्या बाजूला गेला. कलकत्त्यातले टवाळ गोरे त्याला ‘दुसऱ्यांदा पतन पावलेला आदाम’ म्हणू लागले.

आजचा सुशिक्षित मराठी वाचक या वादात कुणाची बाजू घेईल, हे सांगायला नको. येशू थोर होता, करुणामय होता, त्याने शत्रूवर प्रेम करायला सांगितले. एवढे सगळ्यांना मान्य असते. गांधीजींनी तर असेही म्हटले होते की, येशू नावाचा माणूस प्रत्यक्षात होऊन गेला नाही असे उद्या सिद्ध झाले, तरी डोंगरावरचे प्रवचन आपल्याला तितकेच खरे वाटेल. मग तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडली की नाही, याने काय बिघडते? ख्रिस्ती लोक या एका गोष्टीला एवढे का चिकटून बसतात?

मार्शमनचा युक्तिवाद वाचवत नाही इतका रुक्ष आहे आणि राममोहनांची विद्वत्ता त्याच्यापेक्षा वरचढ होती. तरीही मला वाटते की मूळ मुद्दा मार्शमनचाच बरोबर होता. राममोहनांनी जे उरवले ते सुंदर आहे, पण तो ख्रिस्ती धर्म नाही. आणि हे म्हणणारा पहिला माणूस मार्शमन नव्हे, प्रेषित पौल आहे.

करिंथ हे रोमनांनी एकदा जाळून टाकलेले आणि इसवी सनापूर्वी ४४ मध्ये जुलियस सीझरने पुन्हा वसवलेले शहर. दोन बंदरे, चढता पैसा, मुक्त झालेल्या गुलामांची वस्ती, बाजारात सगळ्या देवांची ये-जा. पौल तिथे सुमारे दीड वर्ष राहिला आणि पुढे, साधारण इसवी सन ५४-५५ च्या सुमारास, त्याने इफिसहून तिथल्या लहानशा मंडळीला पत्र लिहिले. या मंडळीतले काही जण म्हणत होते की मेलेले उठत नाहीत. ते नास्तिक नव्हते. येशूला ते प्रभू म्हणत होते. त्यांची अडचण देहाची होती. ग्रीक संस्कारात वाढलेल्या माणसाला आत्मा अमर आहे हे पटत असे. देह हा त्याचा तुरुंग. विषाचा प्याला हाती असताना सॉक्रेटिस शांत राहतो, कारण त्याच्या दृष्टीने सुटकेची वेळ आलेली असते. अशा माणसाला सांगायचे की तुझा हा देह पुन्हा उठणार आहे, म्हणजे सुटलेल्या कैद्याला परत कोठडीचे आमिष दाखवण्यासारखे. अथेन्समध्ये पौलाचे भाषण नीट चालले होते. मृतांच्या उठण्याचा विषय निघाला आणि लोक हसू लागले.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर पोसलेल्या आपल्या मनालाही ते हसू समजू शकते. आत्मा मरतच नाही, तर उठायचे कुणी आणि कशासाठी?

पौलाने करिंथकरांना समजुतीचे उत्तर दिले नाही. तुम्ही आत्म्यापुरते माना, मी देहासकट मानतो, असे म्हणून त्याला वाद मिटवता आला असता. त्याने सगळेच डावावर लावले. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ, तुमचा विश्वास पोकळ, आम्ही देवाच्या नावाने खोटी साक्ष देणारे, मेलेले आमचे सोबती कायमचे गेले, आणि आमच्याइतके कीव करण्याजोगे दुसरे कोणी नाही, अशा अर्थाची एकापुढे एक विधाने तो करतो. आपला धर्म कोणत्या एका गोष्टीने खोटा ठरेल हे प्रचारकाने स्वतःच लिहून देण्याचा हा प्रकार मला धर्मवाङ्मयात विलक्षण वाटतो. पौलाच्या या यादीत एक गोष्ट नाही. ख्रिस्त उठला नसला तरी निदान त्याची शिकवण उरेल, असे तो म्हणत नाही.

का म्हणत नाही, याचे उत्तर क्रूसात आहे. क्रूस गळ्यात घालून घालून आपण इतका गुळगुळीत केला आहे की, ते काय यंत्र होते ते विसरायला होते. ती गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर, इसवी सनापूर्वी ७१ मध्ये, रोमनांनी कापुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजार गुलाम क्रूसावर टांगले. त्यांतल्या एकाचेही नाव आज कुणाला ठाऊक नाही, आणि तोच त्या शिक्षेचा हेतू होता. नुसता जीव घ्यायला तलवार पुरते. क्रूस माणसाला सर्वांदेखत नागवा करून सांगतो की तू कुणीच नव्हतास, तुझे म्हणणे कधी खरे नव्हते, आणि तुझ्या मागे जाणाऱ्यांनी नीट पाहून घ्यावे. यहुदी माणसाच्या लेखी याला आणखी एक धार होती. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात नियम आहे की झाडाला टांगलेला माणूस देवाने शापलेला असतो. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी रोमचा सुभेदार पिलात याच्या न्यायालयाचा आणि देवाच्या नियमशास्त्राचा निकाल एकच लागला होता: हा माणूस खोटा होता.

अशा निकालानंतर शिकवण टिकते, हा आपला आधुनिक समज आहे. त्या काळात यहुदियात तारणारे म्हणवणारे येशूच्या आधी आणि नंतर होऊन गेले. थुदास झाला, गालीलकर यहूदा झाला, सन ७० नंतर शिमोन बर गियोरा याला विजयाच्या मिरवणुकीत रोमला नेऊन मारले, १३५ मध्ये बर कोखबा पडला. पुढारी मेला की अनुयायी पांगत, किंवा त्याच्या घराण्यातला दुसरा शोधत. येशूच्या लोकांना तर दुसरा तयारच होता: त्याचा भाऊ याकोब, यरुशलेमेत मान असलेला, व्रतस्थ, त्याला सन ६२ मध्ये मारल्याचे यहुदी इतिहासकार जोसीफसने नोंदवले आहे. पण याकोबाला कुणीही ख्रिस्त म्हटले नाही. शापित ठरलेल्या मेलेल्या माणसालाच ते ख्रिस्त म्हणत राहिले. ‘शत्रूवर प्रेम करा’ हे वाक्य आपल्यापर्यंत पोचले ते त्यांनी तसे म्हटले म्हणून. जेफरसनने धोंडेपाशी पाते थांबवले. पहिल्या शिष्यांचीही समजूत त्याच धोंडेपाशी थांबली असती, तर त्याला कापायला पुस्तकच मिळाले नसते.

पुनरुत्थान म्हणजे, या अर्थाने, वरच्या न्यायालयाने फिरवलेला निकाल. प्रेषितांच्या कृत्यांतली पेत्राची सुरुवातीची भाषणे काढून पाहा. पुन्हा पुन्हा एकच मांडणी येते: तुम्ही त्याला मारले, देवाने त्याला उठवले. त्यात मरणानंतर आपले काय होणार हा विषय जवळपास नाहीच. विषय आहे, कोण खरा होता. आजही चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या प्रेषितांच्या विश्वासांगीकारात येशूशिवाय फक्त दोन माणसांची नावे आहेत, एक मरीयेचे आणि दुसरे पंतय पिलाताचे. जन्मावरून तो थेट पिलातावर येतो. मधले सगळे प्रवचन, सगळे दृष्टान्त गाळलेले. राममोहनांनी जे ठेवले ते या अंगीकाराने सोडले, आणि राममोहनांनी जे सोडले ते त्याने ठेवले. हे पाहून अनेकांना अंगीकार नीतिशून्य वाटतो. मला तसे वाटत नाही. दर आठवड्याला एका सुभेदाराचे नाव घेऊन त्याचा निकाल रद्द झाला असे म्हणायचे, ही मोठी राजकीय गोष्ट आहे. फक्त म्हणणाऱ्यांना ते आठवत नाही.

हे उठणे फक्त शिष्यांच्या मनात घडले असे मानून भागेल का? १९४१ साली, युद्ध चालू असताना, रुडॉल्फ बुल्टमान या जर्मन अभ्यासकाने एका गाजलेल्या व्याख्यानात सुचवले की, रेडिओ आणि विजेचे दिवे वापरणाऱ्या माणसाने उठलेल्या प्रेतावर अक्षरशः विश्वास ठेवू नये. क्रूसाचा अर्थ शिष्यांना उमगला, त्यांच्या ठायी विश्वास जागा झाला, तेच पुनरुत्थान. प्रामाणिक माणूस होता, नाझींना धर्मात घुसू देण्याविरुद्ध उभा राहिलेला. पण हे उत्तर मला अपुरे वाटते. शिष्यांच्या मनात येशू जिवंत राहिला, याने पिलाताचे काय बिघडते? मारलेला माणूस कुणाच्या तरी मनात जिवंत राहतोच. प्रत्येक जल्लादाला ते ठाऊक असते आणि त्याची त्याला फिकीर नसते. त्याने देह ताब्यात घेतलेला असतो. निकाल देहावर बजावला, तर तो फिरायचा कुठे?

छळ करणाऱ्यांना हे विद्वानांपेक्षा लवकर कळले होते. सन १७७ मध्ये गॉलमधल्या लियॉन शहरात ख्रिस्ती लोकांना रिंगणात हाल करून मारले. त्यांत ब्लांदिना नावाची गुलाम स्त्री होती. तिथल्या मंडळीचे त्या वेळचे पत्र युसेबियस या चर्चच्या इतिहासकाराने आपल्या इतिहासात जपले आहे. त्यात लिहिले आहे की मेलेल्यांचे देह सहा दिवस उघड्यावर ठेवले, मग जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटली, म्हणजे यांना उठण्याची आशाच उरू नये. ब्लांदिना कायद्याने मालकाची वस्तू होती. तिच्या हाडामांसाला देवाघरी किंमत आहे, असे म्हणणारे लोक त्या शहरात निघाले आणि शहराला तेवढेच सहन झाले नाही. आत्मा अमर आहे असे ते म्हणाले असते, तर लियॉनच्या कुठल्याही तत्त्वज्ञाने मान डोलावली असती.

पुराव्याचे काय, हा प्रश्न वाचक विचारणारच. चारही शुभवर्तमानांत प्रत्यक्ष उठण्याचे वर्णन एकातही नाही. कुणी पाहिलेच नाही. कबरीकडे किती स्त्रिया गेल्या, देवदूत एक की दोन, दर्शन गालीलात की यरुशलेमेत, यांवर त्यांचे एकमत नाही. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर स्त्रिया घाबरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, तिथेच ग्रंथ तुटल्यासारखा थांबतो. दुसऱ्या शतकात पेत्राच्या नावावर एक शुभवर्तमान फिरत होते. त्यात आभाळाला डोके लागलेला ख्रिस्त कबरीतून निघतो आणि मागोमाग क्रूस चालत येतो, बोलतोसुद्धा. कथा रचायचीच असती तर ती अशी रचली गेली असती. चार शुभवर्तमानांतली सकाळ त्या मानाने फार ओबडधोबड आहे, आणि पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत, ज्यांची साक्ष कोर्टात घेऊ नये असे जोसीफस सांगतो. सेल्सस या टीकाकाराने दुसऱ्या शतकात नेमकी हीच थट्टा केली: एका बावचळलेल्या बाईने पाहिले म्हणे! मराठीत ही हकिगत सर्वांत आधी विस्ताराने सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी, १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त. पुढे नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ ओवीबद्ध करायला घेतले, पण सुरुवातीचे अध्याय लिहून १९१९ मध्ये ते वारले आणि उरलेले काम लक्ष्मीबाईंनी तडीस नेले. पुन्हा एका बाईनेच सांगितले म्हणायचे.

आणखी एक खूण रविवारची. शब्बाथ जिवापाड पाळणाऱ्या यहुद्यांनी एका पिढीत आठवड्याच्या पहिल्या दिवशी जमायला सुरुवात केली. दुसऱ्या शतकाच्या मध्यात जस्टिन हा ख्रिस्ती लेखक त्याचे कारण पुनरुत्थान असे स्पष्ट देतो. (आपल्याकडे गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, आणि त्यांनी पुढे केला होता खंडोबाचा वार. एकाच सुट्टीला दोन इतिहास असू शकतात.)

या खुणा जोडून जास्तीत जास्त इतके म्हणता येते की, त्या माणसांना काहीतरी घडल्याची खात्री होती आणि ती त्यांनी जिवाच्या मोलाने धरून ठेवली. पुढे इतिहास जात नाही. पुनरुत्थान वकिली मुद्द्यांनी सिद्ध करून देणारी पुस्तके बाजारात ढिगाने आहेत. ती मला नेहमी चुकीच्या जागी घाम गाळणारी वाटतात. पिंखास लापिदे या सनातनी यहुदी अभ्यासकाचे उदाहरण पाहावे. १९७७ मध्ये त्याने जर्मनमध्ये पुस्तक लिहून येशू खरोखर उठला हे मान्य केले, आणि तो यहुदीच राहिला. येशूला ख्रिस्त मानण्याचे त्याला कारण दिसले नाही. घटना पटली म्हणून श्रद्धा येते असे नाही. निकाल फिरला असे मानायचे, तर तो कुणाच्या बाजूने फिरला हे पाहून आपणही बाजू बदलावी लागते.

आणि बाजू असते ती मेलेल्यांची. १९३७ मध्ये माक्स होर्कहाइमरने न्यूयॉर्कहून पॅरिसमधल्या वाल्टर बेन्यामिनला पत्र लिहिले. दोघेही मार्क्सवादी, दोघेही जर्मनीतून परागंदा झालेले यहुदी. मुद्दा असा होता की, झालेला अन्याय झाला आणि संपला. मारले गेलेले खरोखर मारले गेले. ते उघडे राहिले आहे असे म्हणायचे तर अंतिम निवाड्यावर विश्वास ठेवावा लागेल. बेन्यामिनला हे पटेना. स्मरणाने संपलेले दुःखही पुन्हा उघडता येते, अशी टीप त्याने आपल्या कागदांत लिहिली. तीन वर्षांनी पोर्तबूच्या सरहद्दीवर त्याने जीव दिला. यातले होर्कहाइमरचे म्हणणे अतिशय प्रामाणिक आहे. उद्याची क्रांती उद्याच्या लोकांना न्याय देईल. रस्त्याकडेच्या सहा हजारांना ती काय देणार? मुंबईत ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहत मरण पावलेल्या ८४ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींना आता कोणते न्यायालय काय देऊ शकते?

आपल्या परंपरेने या प्रश्नाला कर्माचे उत्तर दिले आहे. ते जुने आहे, बांधेसूद आहे, आणि मेलेल्यांचाही हिशेब मांडते. पण त्या हिशेबात सोसणाऱ्याच्या सोसण्यालाही मागचे कारण मिळते. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट करून विचारतात की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही नाकारतो. पुनरुत्थानाची आशा दुःखाचे कारण देत नाही. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत, आणि थोमाला त्या खुणांवरूनच ओळख पटते. अन्याय झाला हे पुसले जात नाही. ज्याच्यावर झाला तो परत मिळतो, आणि तळ्याकाठी विस्तव करून मित्रांना मासे खायला घालतो.

मग ख्रिस्ती लोकांनी या श्रद्धेचे काय केले? बहुतेक वेळा तिचे स्वर्गाचे तिकीट केले. माझे मरणानंतर काय, एवढाच प्रश्न उरला आणि मार्क्सच्या अफूच्या आरोपाला आयता पुरावा मिळाला. पिलाताचा निकाल रद्द झाला असे म्हणणारी मंडळी पुढे स्वतःच पिलाताच्या खुर्चीत बसली. गोव्यातल्या इन्क्विझिशनची कागदपत्रे त्याला साक्ष आहेत. राममोहनांना चमत्कार नकोसे झाले त्यात या इतिहासाचाही वाटा असणार. त्यांना दोष देण्याआधी चर्चने हा हिशेब करायला हवा.

न मानणाऱ्याने जरूर मानू नये. पौलाने तो दरवाजा स्वतः उघडा ठेवला आहे. माझी तक्रार फक्त मधल्या सोयीच्या मुक्कामाविषयी आहे, जिथे येशूला थोर शिक्षक म्हणून हार घालायचा आणि त्याच्यावर बजावलेला निकाल तसाच कायम ठेवायचा. अशा मुक्कामी थांबलेल्या वाचकाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचावा, अठ्ठावन्न वचने, आणि तिथे न थांबता सोळाव्याची पहिली दोनही वाचावीत. अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकातली आहे. पौलाच्या पत्रात मध्ये खंड नव्हता. मरणाच्या पराभवाचे गाणे संपवून पुढच्याच ओळीत तो यरुशलेमेतल्या गरिबांसाठीच्या वर्गणीवर येतो, आणि ती दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याने त्याने आपल्या कमाईप्रमाणे बाजूला काढून ठेवावी असे सांगतो.